घरचा हिशेब आणि वहीतील गणित

आठवड्याच्या बाजारात आईशेजारी बसलेल्या सहावीतील मुलीकडे एखादे गिऱ्हाईक पाऊण किलो वांगी मागते. भाव किलोला ६० रुपये. मुलगी क्षणभरही न थांबता ४५ रुपये सांगते. अर्ध्या किलोचे ३० आणि पाव किलोचे १५, असा तिचा सरळ हिशेब असतो. हीच मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात ६० × ०.७५ हे उदाहरण सोडविताना ४५० असे उत्तर लिहिते आणि त्यात काही चुकले असेल, अशी शंकाही तिला येत नाही. पाऊण किलो वांग्यांचे साडेचारशे रुपये बाजारात कोणी मागितले असते, तर तिला हसू आवरले नसते. वहीत मात्र तोच आकडा तिला खटकत नाही.

असा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. मुलाला गणित येत नाही, असा निष्कर्ष त्यावरून घाईने काढला जातो. वस्तुतः मुलाजवळ दोन गणिते असतात : एक घरचे व बाजारचे, दुसरे वहीतील. या दोहोंची एकमेकांशी ओळखच झालेली नसते. ही ओळख करून देणे हे पाचवी ते सातवीच्या मुलांच्या घरच्या सरावाचे खरे उद्दिष्ट होय. हे काम कमी शिकलेले, किंबहुना अक्षरओळख नसलेले पालकही करू शकतात.

निर्णायक टप्पा

चौथीपर्यंतचे गणित मुख्यतः पूर्ण संख्यांचे असते. मोजता येणाऱ्या वस्तू डोळ्यांसमोर आणून मुलाला ते समजून घेता येते. पाचवीपासून पुढे चित्र पालटते. अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी, क्षेत्रफळ आणि ऋण संख्या एकामागून एक येतात. या टप्प्यावर ज्याचा पाया कच्चा राहतो, त्याला आठवी-नववीतील बीजगणित, व्याजाची उदाहरणे आणि विज्ञानातील सूत्रे केवळ पाठ करावी लागतात. पाठ केलेले परीक्षेनंतर टिकत नाही आणि गणिताची धास्ती तेवढी मागे उरते.

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीत मुलांना त्यांच्या घरी जाऊन साधी उदाहरणे दिली जातात. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, हे त्यांपैकी सर्वांत कठीण उदाहरण. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के व आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांना ते सोडविता आले. याचा अर्थ असा की, आठवीत पोहोचलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना प्राथमिक इयत्तेतील भागाकार कागदावर करता येत नाही. पाचवी ते आठवी या काळात उणीव आपोआप भरून निघेल, ही अपेक्षा फारशी खरी ठरत नाही.

व्यवहारातील व शाळेतील गणितातील दरी

कागदावर अडखळणारी मुले व्यवहारातही अडखळतात काय, हा प्रश्न अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे इत्यादी विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना या मुलांनी केलेले सुमारे ९८ टक्के हिशेब बरोबर होते. तीच आकडेमोड शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिली असता सुमारे ७४ टक्के उत्तरे बरोबर आली आणि केवळ कोरे आकडे कागदावर मांडून दिले असता हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर घसरले. मुले लहान आणि संख्येने थोडी असली, तरी या निरीक्षणाने जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांचे लक्ष वेधले.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, असाच पण पुष्कळ मोठा अभ्यास भारतातून पुढे आला. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांची पाहणी केली. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी व बिनचूक करणाऱ्या या मुलांपैकी अनेकांना शाळेच्या पुस्तकातील साधी उदाहरणे सोडविता आली नाहीत. उलटपक्षी, पुस्तकातील उदाहरणे बऱ्यापैकी सोडविणारी शाळकरी मुले बाजारातील हिशेबात अडखळली. एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, हा या अभ्यासाचा मथितार्थ होय.

याचा बोध असा की, मुलाला दुकानात पाठविले म्हणजे त्याचे गणित सुधारेल, ही समजूत अपुरी आहे. पुस्तकातील उदाहरणे पुन्हापुन्हा गिरवून घेतली म्हणजे भागेल, हीदेखील तितकीच अपुरी. तोंडी केलेला हिशेब वहीत उतरविणे आणि वहीतील उत्तर व्यवहाराच्या कसोटीवर घासून पाहणे, असा दुहेरी सराव हवा.

भाषेतच असलेले अपूर्णांक

असा दुवा मराठी घरांत पूर्वी होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके मुलांकडून तोंडपाठ करून घेतली जात. १६ आण्यांचा रुपया आणि १६ छटाकांचा शेर यांच्या काळात ही कोष्टके रोजच्या गरजेची होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक वजने व मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि या कोष्टकांची निकड संपली. ती जशीच्या तशी परत आणण्याचे कारण नाही. दशमान पद्धतीने हिशेब पुष्कळच सोपा केला आहे.

तथापि, कोष्टके गेली तरी शब्द राहिले. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन हे शब्द आजही प्रत्येक घरात उच्चारले जातात. सव्वा म्हणजे १.२५, पाऊण म्हणजे ०.७५, पावणेदोन म्हणजे १.७५ हा संबंध मुलाच्या लक्षात आणून दिला, तर दशांश चिन्हाची भीती पुष्कळ कमी होते. पाऊणशे, सव्वाशे, दीडशे, अडीच हजार या शब्दांत तर गुणाकारच दडलेला आहे. दीडशे म्हणजे १०० ची दीडपट. मग दीड हजार किती आणि सव्वा लाख किती, हे मूल स्वतःच शोधून काढते.

‘एकोणपन्नास’ या शब्दातही अशीच सोय आहे. एकोण म्हणजे एक उणा. एकोणपन्नास रुपयांच्या सहा वस्तूंची किंमत काढताना ४९ ला ६ ने गुणत बसण्याऐवजी पन्नास साहे तीनशे, त्यातून सहा वजा, म्हणजे २९४, असे तोंडी सांगता येते. ४९ × ६ = (५० × ६) − (१ × ६) ही त्याचीच वहीतील मांडणी. पाठ्यपुस्तकात ज्याला वितरणाचा नियम म्हणतात, तो येथे मुलाने आधीच वापरलेला असतो. त्याला केवळ नाव द्यावयाचे बाकी राहते.

सरावाच्या तीन पायऱ्या

घरच्या सरावाला रोज १५ ते २० मिनिटे पुरेशी आहेत. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोजचा थोडा सराव अधिक टिकाऊ ठरतो. रोज एकच व्यवहार घ्यावा आणि तो तीन पायऱ्यांनी न्यावा.

पहिली पायरी अंदाजाची. उत्तर काढण्यापूर्वी ते साधारण किती येईल, हे मुलाने सांगावे. पाऊण किलोची किंमत एका किलोच्या किमतीपेक्षा कमी आणि अर्ध्या किलोच्या किमतीपेक्षा जास्त असणार, एवढे ठरले की ४५० हे उत्तर वहीत उतरण्यापूर्वीच अडते. दुसरी पायरी तोंडी उत्तराची. ‘हे कसे काढलेस?’ हा प्रश्न येथे विचारावा. तिसरी पायरी लेखनाची. तोंडी केलेला हिशेब मुलाने चिन्हे वापरून वहीत मांडावा. ६० × ०.७५ करताना प्रथम ६० × ७५ = ४५००, आणि ७५ हे शतांश असल्याने उत्तर ४५.००, तोंडी उत्तर व लेखी उत्तर एकच आले, हे त्याने स्वतः पडताळून पाहावे.

पालकाची भूमिका यांपैकी दुसऱ्या पायरीवर सर्वांत मोलाची असते. ‘कसे काढलेस?’ हे विचारण्यासाठी पालकाला सातवीचे गणित येण्याची आवश्यकता नाही. मुलाचे स्पष्टीकरण शांतपणे ऐकणे आणि न पटल्यास ‘पुन्हा सांग’ म्हणणे, एवढेच पुरते. सांगता सांगता मुलाला स्वतःची चूक अनेकदा आपोआप सापडते. आयुष्यभर बाजारहाट केलेल्या आजीचा तोंडी हिशेब मुलाच्या हिशेबाहून वेगळ्या वाटेने जात असेल, तर ती वाटही वहीत नोंदवावी. एकाच उत्तराकडे जाणारे दोन मार्ग पाहणे, हे गणिताचे उत्तम शिक्षण होय.

घरातील काही उदाहरणे

विजेच्या मीटरवरील मागील व चालू महिन्याच्या नोंदींची वजाबाकी हे हातच्याच्या सरावाचे सोपे साधन आहे. दशांशासाठी दुधाचे माप घ्यावे. ४.६ लिटर आणि ४.१५ लिटर यांत अधिक कोणते, असे विचारल्यास अनेक मुले ४.१५ म्हणतात, कारण १५ हा आकडा ६ हून मोठा. पहिले माप ४ लिटर ६०० मिलिलिटर आणि दुसरे ४ लिटर १५० मिलिलिटर असे मांडून दाखविले की चूक कायमची दूर होते.

शेकडेवारीसाठी एस.टी.चा प्रवास उपयोगी पडतो. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते, ७५ वर्षांवरील नागरिकांना २०२२ पासून मोफत प्रवास आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या दराची सवलत मिळते. पूर्ण तिकीट १२० रुपये धरले आणि इतर किरकोळ आकार बाजूला ठेवले, तर ७८ वर्षांचे आजोबा, वडील, आई आणि दहा वर्षांचा मुलगा यांना अनुक्रमे ०, १२०, ६० व ६०, म्हणजे एकूण २४० रुपये लागतील. चार पूर्ण तिकिटांच्या ४८० रुपयांचे हे ५० टक्के होतात. आता आजोबा घरीच राहिले तर? खर्च २४० रुपयेच राहतो. परंतु तीन पूर्ण तिकिटांच्या ३६० रुपयांशी त्याचे प्रमाण दोनतृतीयांश, म्हणजे सुमारे ६७ टक्के होते. रक्कम तीच असूनही टक्के बदलले, कारण ज्याच्याशी तुलना केली ती मूळ रक्कम बदलली. शेकडेवारीचे मर्म याहून सोप्या रीतीने क्वचितच सांगता येईल.

शेतकरी कुटुंबात सातबाराचा उतारा हे क्षेत्रफळाचे जिवंत पुस्तक आहे. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेले असते. घरात बोलणे मात्र एकर व गुंठ्यांत चालते. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ एकर म्हणजे ४० गुंठे आणि १ गुंठा हा १ आरपेक्षा किंचित मोठा. उताऱ्यावर ८१ आर क्षेत्र असेल, तर ते सुमारे ८० गुंठे, अर्थात दोन एकर होते, हे सातवीतील मुलाने वडिलांना समजावून सांगावे. आपल्या जमिनीचा कागद वाचता येणे ही केवळ शालेय बाब नाही.

पावसाळ्यात आणखी एक हिशेब करता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी एक लिटर होते. ३० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाल्यास ६०० लिटर, म्हणजे २०० लिटरची तीन पिंपे भरतील एवढे पाणी पडते. काही पाणी वाया जाते हे खरे. तरीही छपराला पन्हळ लावावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर मूल आकड्यांनी देऊ शकते.

या सर्वांबरोबर पाढे हवेतच. पाढा पाठ नसलेल्या मुलाचे लक्ष भागाकार करताना मूळ प्रश्नावरून उडते. मात्र पाढा सरळ म्हणून घेण्यापुरते थांबू नये. ‘सात आठे छप्पन्न’ याबरोबरच ‘छप्पन्नात आठ किती वेळा?’ हेही विचारावे.

चूक ही माहिती आहे

४०२ − १७८ हे उदाहरण अनेक मुले ३७६ असे सोडवितात. हे उत्तर निष्काळजीपणाचे नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असा एक नियम मुलाने मनाशी ठरविलेला असतो : आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेले सात, चारातून एक गेला तीन. या चुकीवर रागावून उपयोग नाही. नियमच दुरुस्त करावयास हवा. दुकानदार सुटे पैसे परत देतो त्या रीतीने १७८ पासून पुढे मोजत जावे. १८० होण्यास २, २०० होण्यास २०, ४०० होण्यास २०० आणि वर २, एकूण २२४. मग ३७६ का चुकले, हे मूल स्वतः सांगेल. चुकीचे उत्तर खोडून टाकण्याऐवजी त्याच्या शेजारी बरोबर उत्तर लिहावे. पुढील महिन्यात तीच चूक पुन्हा होते काय, हे त्यावरून समजते.

मारणे, भावंडांशी तुलना करणे आणि ‘आमच्या घरात कोणालाच गणित येत नाही’ असे मुलासमोर बोलणे, या तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मुलींच्या बाबतीत तर शेवटचे वाक्य विशेष हानिकारक ठरते. त्याचप्रमाणे घरच्या सरावाचे निमित्त करून मुलाला शाळेच्या वेळेत दुकानावर वा शेतावर बसविणे, हा सराव नव्हे. तो त्याच्या शिक्षणाच्या हक्काचा भंग होय.

शाळा व ग्रामपंचायत यांचे साह्य

हे कार्य केवळ पालकांवर सोपवून भागणार नाही. शिक्षकांनी गृहपाठात आठवड्यातून एकदा एक ‘घरचा प्रश्न’ द्यावा : या आठवड्यात घरात किती किलो धान्य लागले, त्याची सरासरी रोज किती, यांसारखा. मुलांनी आणलेले हिशेब दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडले, तर घरच्या रीतीला वर्गात प्रतिष्ठा मिळते आणि दोन्ही गणितांची गाठ पडते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ अन्वये अनुदानित व शासकीय शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे आणि तिच्या सदस्यांपैकी तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, असा दंडक आहे. समितीच्या बैठकीत इमारत व पोषण आहार यांबरोबरच ‘आपल्या शाळेतील सातवीच्या किती मुलांना भागाकार येतो?’ हा प्रश्न नियमितपणे चर्चेस यावा. पालकांची सभा त्यांच्या मजुरीची वेळ टाळून सायंकाळी घेतल्यास मातांची उपस्थिती वाढते. तीन पायऱ्यांची रीत अशा सभेत प्रत्यक्ष करून दाखविण्यास अर्धा तास पुरेल.

ग्रामपंचायतीजवळ तर आकड्यांचे भांडारच असते. पाणीपट्टीची मागणी व वसुली, गावाची लोकसंख्या, पावसाची नोंद हे आकडे फलकावर लावलेले असतात. वसुली मागणीच्या किती टक्के झाली, हे सातवीच्या मुलांनी काढून दाखवावे. गावकऱ्यांच्या ज्ञानातही त्याने भर पडेल.

ज्यांचे घरच वर्षातील काही महिने स्थलांतरित असते, अशा मुलांचा विचार अगत्याने व्हावयास हवा. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातील अनेक कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात राहावयास जातात. मुलांची शाळा सुटू नये, हाच पहिला प्रयत्न असावा. जी मुले तरीही बरोबर जातात, त्यांच्या कोपीतही मोळ्या, टन, उचल आणि मजुरी यांचा हिशेब रोज चालतो. निघताना शिक्षकाने एक कोरी वही द्यावी आणि त्यात रोज एक हिशेब मांडून आणण्यास सांगावे. परतल्यावर ती वही तपासली गेली, तर त्या मुलाचा गणिताशी असलेला धागा तुटणार नाही. उचलीतून किती फिटले आणि किती राहिले, हे ज्या घरात मुलाला वहीत मांडून दाखविता येते, त्या घराला त्या वहीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.